निसर्गपथ क्रमांक एक

त्या वर्षी कुसळवाडीत पाऊस पडला नाही, त्यामुळे गावात पर्यटन सुरू करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

ठराव डोंगरमाथा बहुउद्देशीय सहकारी संस्थेचा होता. आधी ही संस्था दुधाची होती. दूध आटलं तेव्हा ती चारा छावणीची झाली. मग छावणीची चौकशी लागली, जनावरं आपापल्या दावणीला गेली, आणि मागं राहिले पत्र्याचे शेड, ताडपत्रीचे तंबू आणि शेंदरी रंगाचे डबे. हा रंग मोजलेल्या जनावरांची शिंगं रंगवायला आणला होता. कागदावर जनावरं लई होती, शिंगं मात्र कमी भरली, म्हणून रंग उरला. अध्यक्ष मोहनराव म्हणाले, तंबू आहेत, माळ आहे, डोंगराला साग-धावड्याचं रान आहे. शहरातल्या माणसाला आणखी काय लागतं? पाणी लागतं, असं कुणी म्हणालं नाही. तो विषय पत्रिकेवर नव्हता.

पाण्याची काळजी होती ती मनकर्णाला, आणि तीही स्वतःच्या नव्हे, शेरडांच्या पाण्याची. माणसांसाठी वडवणीहून टँकर यायचा. त्याच्या पाण्याला शेळीनं तोंड लावलं तर दोन आळ्यांत भांडण लागायचं. शेरडांसाठी उरला होता डोंगराच्या कपारीतला झरा. माळावरून निघायचं, पळसाची झुडपं ओलांडायची, धावड्याच्या रानातून तिरकं चढायचं, की झरा. ही वाट कुणी काढली नव्हती. मनकर्णाच्या सासूची शेरडं त्या वाटेनं गेली, त्याच्या आधी तिच्या सासूची. शेरडं शहाणी असतात, दमछाक होईल असा चढ ती कशाला घेतील?

पुण्याहून पदभ्रमणातले तज्ज्ञ आले. त्यांनी माळ, रान, डोंगर सगळं तुडवलं, दोनदा कुसळं काढत बसले, आणि अखेर अहवालात लिहिलं की परिसरात एकच निसर्गरम्य व सौम्य चढाचा मार्ग उपलब्ध आहे. तो म्हणजे अर्थातच शेरडांची वाट. तिला 'निसर्गपथ क्रमांक एक' असं नाव मिळालं. क्रमांक दोन नव्हता, पण वाव ठेवला होता. पथावर लेंड्या पडलेल्या आहेत, त्या पर्यटकाच्या बुटाला लागतात, हेही साहेबांच्या लक्षात आलं. त्यामुळे पथावर जनावरांना बंदी झाली आणि जनावरांसाठी पर्यायी मार्ग सुचवला गेला. पर्यायी मार्ग नकाशावर फार सुबक दिसत होता. जागेवर तिथं कडा होता.

बंदी पाळली जाते की नाही हे बघायला पथरक्षक नेमायचा ठरला. त्या वाटेचा दगडन्‌दगड माहीत असलेला माणूस म्हणून संस्थेनं सिदूची निवड केली. सिदू म्हणजे मनकर्णाचा नवरा. त्याला टोपी मिळाली, शिट्टी मिळाली, आणि बापजन्मात कुणी त्याला 'सिद्धेश्वरराव' म्हटलं नव्हतं ते मोहनरावांनी चारचौघांत म्हटलं. गडी तिथंच फुगला. टोपी घालून जेवायला लागला.

पहिलं काम होतं वाटेवरचे दगड रंगवायचं. दगड शेंदरी रंगवून त्यावर पांढरा बाण काढायचा, म्हणजे पर्यटक चुकणार नाही. शेंदरी रंग गोदामात होताच. पांढरा पुढच्या हप्त्यात मंजूर होणार होता. सिदूनं सगळे दगड गच्च रंगवले, शर्टाचं वाटोळं केलं आणि घरी आला. मनकर्णानं तो शर्ट धोंड्यावर आपटून आपटून धुतला, पण शिंगांचा रंग तो, निघतोय कशाला. डाग राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी शेरडं घेऊन निघाली. पळसाच्या झुडपांपाशी पोचली आणि शिट्टी वाजली.

"शिट्टी कुणाला वाजवायलात?" ती म्हणाली.

"पथावर जनावर हाय," सिदू म्हणाला.

"जनावर तुमचंच हाय."

"ते घरी. हितं मी ड्युटीवर हाय."

आता ह्या माणसाला काय म्हणावं? मनकर्णानं जे म्हणायचं ते म्हटलं, त्यात त्याच्या टोपीचा आणि शिट्टीचा सविस्तर उल्लेख होता. पण मागून तंबूतले पर्यटक येत होते आणि त्यांच्यासोबत मोहनराव होते. ती माघारी फिरली. त्या दिवशी शेरडं तशीच तहानेली राहिली. दुसऱ्या दिवशी एक गाभण शेळी बसली ती उठेना. मनकर्णानं घागरीतलं पाणी तिला पाजलं, पुढं बाकीच्यांनाही घोटघोट दिलं, आणि मग शेजारणीच्या शिव्या खाल्ल्या. रात्रभर दावणीतून ब्यां ब्यां चाललेली, आणि सिदू कानावर टोपी ओढून पडलेला.

ह्या सगळ्यात एक गोष्ट पुण्याच्या साहेबांना माहीत नव्हती, आणि ज्यांना माहीत होती त्यांच्या ती ध्यानात आली नव्हती. आपल्या मुलखात माळावर शेंदरी दगड दिसला, तर तो वाट दाखवायला ठेवलाय असं कुणाच्या मनात येत नाही.

म्हाताऱ्या सुंदरबाई सरपणाला गेल्या होत्या. त्यांना पहिला दगड दिसला. काल इथं नव्हता, आज आहे, म्हणजे प्रगटलाच की. त्यांनी मोळी खाली ठेवली आणि तरवडाचं फूल वाहिलं. संध्याकाळपर्यंत हळदकुंकू पडलं. शनिवारी नारळ फुटले. आठवडा उलटायच्या आत निसर्गपथ क्रमांक एकवर ओळीनं म्हसोबा झाले, आणि पर्यटक कुठल्या म्हसोबापाशी उजवीकडं वळायचं हे विचारू लागले.

मनकर्णाला सगळं माहीत होतं, शर्ट तिनंच धुतला होता. पण तहान शेरडांची होती. पहाट फुटायला तिनं थोरल्या बोकडाच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात तरवडाची माळ घातली, आणि सगळी खांड हाकत निघाली. सिदूनं शिट्टी तोंडाला लावली आणि कुंकू बघून तशीच ठेवली. मोहनराव पुढं झाले.

"नवसाचं हाय," मनकर्णा म्हणाली. "म्हसोबाला दाखवून आणते."

"सगळीच नवसाची?"

"दुष्काळ केवढा हाय, अध्यक्षसाहेब. एका बोकडात भागायचं न्हाई."

मोहनरावांनी आजूबाजूला बघितलं. बाया उभ्या होत्या, त्यांच्या हातात नारळ होते, आणि दिवाळीनंतर संस्थेची निवडणूक होती. त्यांनी हात जोडले. शेरडं देवदर्शन करून झऱ्यावर गेली आणि पोट फुटेस्तोवर पाणी प्याली.

चार दिवसांत गावातलं झाडून सगळं जनावर नवसाचं झालं. संस्थेची तातडीची बैठक बसली. रंग खरवडून काढावा अशी सूचना आली, पण खरवडायला कोण जाणार म्हटल्यावर ती मागं घेतली गेली. सिदूला विचारलं, तर तो गयावया करू लागला. रंगवताना एका दगडाला पाय लागला होता आणि तेव्हापासून पोटात कळ येत होती. त्यानं दोन नारळ आधीच फोडले होते. शेवटी मोहनरावांनी परिस्थितीचा साकल्यानं विचार केला. पदभ्रमणाचं तीर्थभ्रमण झालं. छापील पत्रकात म्हसोबा पाचशे वर्षांपूर्वीचे झाले. तंबू भरू लागले, केज-धारूरहून जीपा येऊ लागल्या, आणि मनकर्णाची शेरडं रोज पाणी पिऊ लागली. तिला वाटलं, जाऊ दे, सगळ्यांचंच भलं झालं.

मग मिरग कोरडा गेला.

पाऊस का येत नाही, याची चर्चा पारावर सुरू झाली. संस्थेचे सचिव राधाकिशन कायद्यातले जाणते होते. त्यांनी मुद्दा काढला की नवस बोलले गेले, रोज दाखवले गेले, परंतु फेडले गेले नाहीत. थकबाकीदाराला कुठलाच लाभ मिळत नसतो, मग पाऊस कसा मिळेल? सगळ्यांनी मनकर्णाकडं बघितलं. पहिला नवस तिचा होता, आणि सगळ्या खांडीचा होता. मोहनरावांनी जत्रेची तारीख काढली, जिल्ह्याच्या पुढाऱ्यांना आवतण धाडलं, कढया मागवल्या.

 ती शेरडं मनकर्णानं करडं असल्यापासून उराशी धरून वाढवली होती. तिनं सिदूचा शर्ट घेतला आणि थेट संस्थेच्या सभेत जाऊन उभी राहिली.

"त्ये देव न्हाईत," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं दगड रंगविलेत, छावणीच्या रंगानं. ह्यो बघा डाग. नवसाचं मी खोटं बोलले, शेरडं तहानेली होती म्हणून."

 मग राधाकिशन उठले, त्यांनी शर्ट दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. देवानं एवढ्या गावातून सिद्धेश्वररावांचाच हात निवडला, याहून मोठा पुरावा कुठला? शर्टासाठी काचेची पेटी करायचा ठराव झाला. मनकर्णानं कळवळून पुन्हा सांगितलं, तर लोक म्हणाले, बाईची भक्ती बघा, मोठेपणा घेत नाही.

खरं बोलून झालं होतं. आता एकच उपाय उरला. मनकर्णानं केस सोडले, भुई थोपटली, आणि तिच्या अंगात आलं.

"मला बोकड नगं," म्हसोबा तिच्या तोंडून म्हणाला. "ही शेरडं माझी हायती. ह्यांच्या मानेला सुरी लावाल तर बघा. माझ्या वाटंनं येतील, माझ्या झऱ्याचं पाणी पितील. कुणी आडवायचं न्हाई."

सभेनं हात जोडले. कामकाजात नोंद झाली, सूचक श्री म्हसोबा, अनुमोदक श्री. राधाकिशन, सर्वानुमते मंजूर. मनकर्णानं केस आवरले. घरी येऊन ती थोरल्या बोकडाच्या गळ्यात पडून रडली, आणि त्या रात्री महिन्यात पहिल्यांदा तिला झोप लागली.

सकाळी राधाकिशन दारात उभे होते, सोबत दोन गडी. शेरडं देवाची, असं देवानंच सांगितलं होतं. देवाचं जे असतं त्याची व्यवस्था संस्था बघते. शेरडं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. त्यांना चारा मिळतो, नावं मिळाली आहेत, कापायचं तर कुणी नावही काढत नाही. मनकर्णाला मानकरी नेमलं आहे. धुतलेलं लुगडं नेसून तिनं शेरडांसोबत झऱ्यापाशी उभं राहायचं असतं. पुढं ठरावात एक दुरुस्तीही झाली. शेरडांनी पाणी प्यायचं ते यात्रेकरूंचं दर्शन आटोपल्यावर, कारण आधी प्याली तर पाणी गढूळ होतं आणि फोटो नीट येत नाही.

सिदू आता शिट्टी वाजवत नाही, माहिती सांगतो. पोटातली कळ थांबली तशी त्याची भीड चेपली आहे, आणि तो सगळ्यांना खरं तेच सांगतो: दगड मी रंगविलेत, रंग जनावरांच्या शिंगांचा, पांढरा आलाच न्हाई. लोक खळखळून हसतात.

मागच्या थंडीत तुम्ही आला होता, तेव्हा तुम्हालाही त्यानं हे सांगितलं. तुम्हीही हसलात. ही खेड्यातली माणसं कशालाही देव करतात, असं सोबतच्यांना म्हणालात. मग तिसऱ्या दगडापाशी जरा मागं रेंगाळलात, इकडंतिकडं बघितलंत, आणि बूट काढलेत.

वर झऱ्यापाशी शेरडं ताटकळली होती. एकानं पुढं मुसंडी मारली, तसा मनकर्णानं त्याचा कान धरला.

"थांब रं बाबा," ती त्याला म्हणाली. "त्यांचं होऊ दे."