हकीकत गोष्टीचा तास सोडविल्याची

वाचणारांस विनंती ऐसीजे. शाळा क्रमांक चौदा, इयत्ता चौथी, येथील मोहिमेची हकीकत चौथीच्या बाईंनी जैसी सोसली तैसी लिहिली आहे. तिखटमीठ पदरचें आहे, तें गोड मानोन घ्यावें.

पूर्वी या वर्गांत आबादीआबाद होती. शनिवारी शेवटचा तास गोष्टीचा, बाई कपाटांतून पुस्तक काढीत, आणि बत्तीस पोरें टेबलास वेढा घालोन पुढें काय जाहलें म्हणोन त्यांचा जीव खात. मग वरच्या कचेरीचा खलिता आला कीं, तमाम शाळांची एकच चाचणी होईल, चाळीस प्रश्न, प्रत्येकास चार गोल, पैकीं एक काळा करणें. पहिल्याच वर्षी चौथीस शेकडा बावीस गुण पडोन शिकस्त जाहली, आणि मुख्याध्यापक मोठे सर हवालदिल होऊन हुकूम करिते जाहले कीं, चित्रकला जप्त, गाणें जप्त, खेळ खालसा, गोष्टींचें कपाट कुलूपबंद, किल्ली आमचे खिशांत. यंदा गुण वाढल्यास गोष्टीचा तास मोकळा करूं, न वाढल्यास तो कायमचा बुडाला समजावें.

मग आठ महिने गोलांची कवाईत चालली. घंटा होतांच पेन्सिल उपसणें, गोलाबाहेर न जाणें, आणि उत्तर न येई तेथें 'क' रंगविणें; हा शेवटला मंत्र बाईंनीच दिधला, त्याची त्यांस मनांतून शरम वाटे. एके दिवशी त्यांनी पुसिलें, "खिडकीची काच कुणी फोडली?" तों पुढचे बांकावरील दातपडकी सरदारीण उठोन म्हणाली, "बाई, पर्याय सांगा ना." त्या दिवशी बाईंस डबा गोड लागला नाहीं.

लढाईचे दिवशी तपासनीस साहेबांची स्वारी गळां ओळखपत्र घालोन दाखल जाहली. दस्तूर ऐसा कीं, आधीं उत्तरपत्रिका वाटाव्या, मग प्रश्नपत्रिकांचें पाकीट फोडावें. उत्तरपत्रिका वाटल्या, पाकीट मात्र फुटेना. तपासनिसांनी नखें लाविलीं, दांत लाविले, अखेर मोठे सर कात्रीचे शोधांत जातीनें रवाना जाहले. इतक्यांत शिपायानें वेळ झाली म्हणोन घंटा दिधली, आणि बत्तीस पेन्सिली उपसल्या. बाई ओरडल्या, "अरे थांबा, प्रश्न यायचेत अजून!" तों तपासनिसांनी ओठांवर बोट ठेविलें कीं, घंटेनंतर बोलण्यास मनाई आहे. मग बाईंनी हातवारे केले, ते पोरांनी शाबासकी समजोन हात अधिक चालविला. प्रश्नच नव्हते, सबब एकाचेंही उत्तर येईना, सबब मंत्राप्रमाणें सर्वत्र 'क'. मोठे सर कात्री घेऊन परतले तों बत्तीसही जण हाताची घडी घालोन बसलेले. तपासनिसांनी नियमपुस्तक पाहिलें. रंगला गोल खोडूं नये, दुसरी उत्तरपत्रिका देऊं नये. मग प्रश्नपत्रिका नियमाप्रमाणें वाटल्या, आणि पोरांनी त्यांच्या होड्या केल्या. बाईंनी कपाटाकडे पाहोन डोळे पुसिले.

महिन्यानें निकाल आला, शेकडा साडेसत्तावीस! प्रश्न वाचोन बावीस आणि न वाचतां साडेसत्तावीस, याचा अर्थ काय, हें कोणी पुसिलें नाहीं. बत्तिसांस तितकेच गुण, एक कमी ना एक जास्त, सबब कचेरीनें 'समान गुणवत्ता' म्हणोन वेगळें प्रशस्तिपत्र धाडिलें. मोठे सर बाईंचे हातीं किल्ली देऊन म्हणाले, "कमाल केलीत हं बाई! आता पुढच्या वर्षी हीच पद्धत ठेवा."

शनिवारी कपाट उघडलें. पुस्तकांवर बोटभर धूळ होती, ती पदरानें पुसोन बाई वाचूं लागल्या कीं, एक म्हातारा आडापाशीं आला आणि त्यानें आंत वाकोन पाहिलें. मग पुस्तक मिटोन त्यांनी पुसिलें, "काय असेल आत?"

दातपडकी उठोन म्हणाली, "पर्याय?"

"नाहीत गं."

पोरें एकमेकांचीं तोंडें पाहूं लागलीं. आपण फार उशीर केला ऐसें बाईंस वाटलें. मग दातपडकी हळूच म्हणाली, "हत्ती. पण छोटा." मागून कोणी ओरडलें, "छोटा हत्ती चढेल कसा वर?" आणि मग जो गिल्ला जाहला, त्यांत बाईंचें टेबल हाललें. बत्तीस उत्तरें आलीं, एकासारखें दुसरें नव्हतें, आणि बरोबर कोणतें हें बाईंसही ठाऊक नव्हतें.

येणेंप्रमाणें फत्ते जाहली. कचेरीचे तक्त्यांत या फत्तेस रकाना नाहीं, सबब येथें लिहिली असे.