विचित्रपणा, नग एक

प्रयोगशाळेतून एक नग विचित्रपणा गहाळ झाल्याचं सोमवारी प्रशासनाच्या ध्यानात आलं. शास्त्रज्ञाने अहवालात सरळ लिहिलं होतं, की विचित्र क्वार्क पोटात असलेला कण यंत्रात तयार झाला, लगेच मोडला आणि मोडताना त्याचा ‘विचित्रपणा’ नावाचा गुणधर्म नाहीसा झाला. एवढा शिकलेला माणूस, पण कुठे काय लिहू नये ते कळत नाही. प्रशासन अधिकाऱ्यांनी ‘नाहीसा’खाली लाल रेघ ओढली. कचेरीतून वस्तू नाहीशी होत नसते, कुणीतरी ती नेलेली असते. आणि यंत्राच्या खोलीची किल्ली होती सफाईच्या मावशींकडे.

मावशींना मेमो आला : खुलासा मान्य होईपर्यंत किल्ल्यांचा जुडगा जमा करावा. सव्वीस वर्षं तो त्यांच्या कमरेला होता. त्याचा खुळखुळाट ऐकला, की अख्खा मजला खुर्चीत सरळ बसायचा. तो उतरवताना मावशींना भर बाजारात कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं.

चौकशी समितीपुढे शास्त्रज्ञाने परोपरीने सांगितलं, की हे आपोआप घडतं. सेकंदाचे दहा अब्ज तुकडे केले, तर जेमतेम एका तुकड्याएवढं त्या कणाचं आयुष्य. त्याची भावंडं त्याच्याही कितीतरी आधी जातात. हा एवढा टिकतो म्हणूनच विचित्र. समितीने विचारलं, जाण्यापूर्वी त्याने कुणाची परवानगी घेतली होती काय.

“अहो साहेब,” मावशी म्हणाल्या, “जे दिसत नाही, धरता येत नाही, ते मी फडक्यात बांधून नेलं म्हणता?”

“नेलं नसेल, तर परत करायला अडचण काय?” अध्यक्षांनी शांतपणे विचारलं.

मावशी तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. एक रिकामं खाकी पाकीट घेतलं, चिकटवलं आणि आणून अध्यक्षांपुढे ठेवलं. “घ्या. उघडाल तर उडून जाईल, मग मला विचारायचं नाही.”

कुणी उघडलं नाही. भांडारपालाने लाखेची मोहर लावून पोच दिली : नग एक, सुस्थितीत. पाकिटाला स्वतंत्र कपाट मिळालं, कपाटाला पहारेकरी मिळाला आणि जुडगा मावशींच्या कमरेला परत आला.

पोचपावतीवर साक्षीदारांच्या सतरा सह्या झाल्या, अठरावी अडली. शास्त्रज्ञ म्हणाला, मरेन पण या खोट्यावर सही करणार नाही. मग दोन दिवस त्याने आधीच दिलेला रजेचा अर्ज कचेरीत कुणाला सापडेना. तिसऱ्या दिवशी त्याने फुली मारलेल्या जागी मुकाट सही केली.

मावशी त्याचं टेबल पुसत होत्या. “तुम्ही वाचून तरी केलीत, बाबा. बाकीच्या सतरा जणांनी तेवढंही केलं नाही.”

हसा, हसा. पण परवा कुणी फुली मारून कागद पुढे सरकवला, तेव्हा तुम्ही तो वाचला होता?