स्मितहास्याची परेड

मूल हरवणं ही घटना असून ते सापडणं ही कार्यवाही आहे. घटना कोणाच्याही हातून घडते. कार्यवाहीला प्रशिक्षण लागतं. म्हणून त्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, गड्ड्याची जत्रा तोंडावर आली तेव्हा सोलापुरातल्या निवडक पोलिसांसाठी ‘हरवलेल्या बालकांशी सौजन्य’ असा वर्ग निघाला. मुलं पोलिसांना पाहून पळतात, सबब पोलिसांनी हसावं, असा वरून हुकूम होता. (पोलिसांना पाहून कोणीतरी पळतं, ही आजवर खात्याची जमेची बाजू समजली जाई.)

या वर्गात हवालदार चन्नप्पा सगळ्यांच्या मागे पडला. त्याची मिशी इतकी भरघोस, की तिच्याखाली तो हसतोय की रागावलाय हे त्याच्या बायकोलाही विचारून घ्यावं लागे. रोज सकाळी मैदानावर ‘सावधान, विश्राम, स्मित!’ अशी परेड होई. चन्नप्पा बिचारा गाल दुखेपर्यंत हसे. पण चाचणीसाठी आणलेलं एका शिपायाचं पोर दर वेळी भोकाड पसरे. शेवटी साहेबांनी बजावलं, “जत्रेत तुझ्यापाशी पोर रडलं, तर मिशी उतरवायची.” चन्नप्पाचा हात मिशीकडे गेला. मिसरूड फुटल्यापासून तेल लावून लेकरासारखी वाढवलेली मिशी होती ती.

जत्रेत मंगळवेढ्याची मायाक्का रडतच त्याच्याकडे आली. “सायेब, माजा येडू कुटं दिसंना ओ! पाच वर्साचा हाय!”

येडू भज्यांच्या गाड्याखाली सापडला. चन्नप्पा वाकला आणि नियमानुसार हसला. येडू आणखी आत सरकला.

“म्या समदी भाकर खाल्लीया की!” तो आतून ओरडला. “मला नगा नेऊ!”

वर्गात न शिकवलेली गोष्ट चन्नप्पाला तिथं कळली. त्यानं टोपी काढली, सदरा काढला आणि बनियनवर मातीत बसून भजी खायला सुरुवात केली. (भर जत्रेत गणवेष उतरवल्याबद्दलची चौकशी वेगळी झाली.) थोड्या वेळानं एक मळका हात बाहेर आला.

“काका, मला बी द्या की.”

मग पोर मांडीवर बसून भजी खाऊ लागलं, मिशी ओढून बघू लागलं. चन्नप्पाला इतकं बरं वाटलं की तो हुकमाविना हसला.

तेवढ्यात मायाक्का धावत आली. तिनं पोराला छातीशी धरलं, चन्नप्पाच्या पाया पडली आणि लगोलग येडूच्या पाठीत धपाटा घातला. “पुन्यांदा हात सोडलास तर ह्याच पोलिसाला दीन बग!”

येडूनं काकांकडं पाहिलं, शेजारची टोपी पाहिली आणि जत्रेतल्या आकाशपाळण्यापर्यंत ऐकू जाईल असा टाहो फोडला. साहेब नेमके त्याच वेळी पोहोचले.

न्हाव्याकडून चन्नप्पा घरी आला, तेव्हा धाकटी लेक गौरम्मा ताट सरकवून बसली होती. त्याचा ओठ उघडा पडला होता, जीव वैतागला होता.

“खा मुकाट्यानं,” तो खेकसला, “न्हायतर मास्तर येतील!”

तिनं झटकन घास घेतला.

आता मास्तरांना हसायला शिकवणारा वर्ग सुरू झाला आहे. डॉक्टर आणि बोहारीण यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या आहेत. (बागुलबुवाची नोटीस पत्ता न लागल्यानं परत आली.) आपण आपल्या घरी कोणाचं नाव घेता, तेवढं कृपया आगाऊ कळवावं, म्हणजे त्यालाही वर्गात बसवता येईल. आपल्याला मात्र येण्याची गरज नाही.