तांबड्या बैलाची चोरी

"माद्रिदमध्ये मेंदू दोनच," सेन्योर फुल्खेन्सिओ सांगत. "एक माझा. दुसऱ्याचा शोध चालू आहे." गुन्हेगार पळतात, म्हणून आपण बसायचं, ही त्यांची शोधपद्धत. ती ते रोज सकाळी चित्रकार ओनोफ्रेंच्या खुर्चीत, फुकटचं चॉकलेट पीत राबवत. ते घोटून घोटून मोलकरीण रेमिहियाचे हात दुखायचे, पण विचारतो कोण?

त्या दिवशीही ते येऊन बसले आणि तासाभराने ओनोफ्रेंनी बोंब ठोकली. चित्र गायब! जुन्या काळचा सरदार घोड्यावरून बैलाला भाला मारतोय, असं तांबड्या खडूचं चित्र. छापण्याआधी ते ओलं करून तांब्याच्या पत्र्यावर दाबायचं होतं, म्हणजे खडू पत्र्यावर उमटतो. ओलं केल्याचं त्यांना आठवत होतं, पुढचं आठवत नव्हतं.

"कुणी उठू नका!" म्हणत फुल्खेन्सिओ स्वतःही उठले नाहीत. "चित्रात बैलाचं काय होतं?"

"मरतो."

"मग चोर बैलवाला! धंद्याची बदनामी झाली ना."

"बैलवाले महिनाभर गावात नाहीत."

"तर मग सरदाराचे वंशज. चेहरा कसा काढला होतात?"

"काढलाच नाही. पाठमोरा आहे."

"बघा! तोंड लपवतोय!"

तेवढ्यात रेमिहिया पेला न्यायला आली. कोपरापर्यंत हात लालभडक.

"खडू!" फुल्खेन्सिओ ओरडले.

"मिरचीपूड आहे, सेन्योर. डुकराच्या मटणाला चोळतेय."

"पकडलेले सगळे असंच म्हणतात."

ओनोफ्रेंनी मान खाली घातली. "रेमिहिया, घेतलं असशील तर देऊन टाक गं. नाहीतर तुला घरात कशी ठेवू?"

अठरा वर्षं तिने या माणसाचे रंगाने माखलेले सदरे धुतले होते. तिला रडू फुटलं, आणि मिरचीच्या हातांनी डोळेही पुसता येईनात.

"चल कोतवालाकडे," म्हणत फुल्खेन्सिओ त्या सकाळी पहिल्यांदा उठले आणि दाराकडे वळले.

रेमिहिया बघतच राहिली. पांढऱ्या विजारीच्या ऐन बैठकीवर सरदार, घोडा, भाला, बैल, सगळे हजर होते. खुर्चीत ओला कागद चपटा होऊन पडला होता.

"मालक, चित्र खुर्चीत कुणी ठेवलं?"

"अरे देवा, मीच!" ओनोफ्रेंनी गुडघे टेकून विजार निरखली. "काय उमटलंय! माझ्या छापायच्या यंत्राला जन्मात असा दाब जमला नाही!"

"मुद्देमाल मी पहिल्यापासून दाबून धरला होता," फुल्खेन्सिओ गंभीरपणे म्हणाले.

"रेमिहिया, चुकलं माझं," ओनोफ्रे म्हणाले.

"चुकलंच. उद्यापासून चॉकलेट तुम्ही घोटायचं."

ओनोफ्रेंनी ते कबूल केलं आणि विजारीवरचं चित्र उतरवायला थंडगार पत्रा आणून फुल्खेन्सिओंना त्यावर बसवलं. दोन तास.

"कुणी उठू नका हं!" रेमिहिया दारातून म्हणाली, आणि फुल्खेन्सिओंच्या वाटचं उरलेलं चॉकलेट उभ्याउभ्या पिऊन टाकलं.