अख्ख्या चौथीत एकच पोट्टं!

"लिहून घ्या साहेब, यंदा गणितात तालुक्यात पहिली आमची चौथी!"

चांदूर रेल्वेच्या मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटून सांगितलं. टेबल हाललं आणि चहा केंद्रप्रमुख ढोके साहेबांच्या पँटवर. तिथंच समजायला पाहिजे होतं!

सरकारनं शाळांना गणिताच्या सरावाचं ऑनलाइन ॲप दिलं होतं. टॅब दिले, वीज दिली नाही. छत गळते म्हटलं तर म्हणाले, आधी डिजिटल व्हा, गळणं मग पाहू! रेंज फक्त शाळेच्या खिडकीशी आणि तिथल्या ओट्याच्या एका कोपऱ्यात. गुळाच्या ढेपीवर माश्या बसाव्या तशी सगळी चौथी तिथं. खातं प्रत्येकाचं वेगळं. पण आमची पोट्टी आणि गुपित? एकानं गणित मोठ्यानं वाचलं, की बाकीचे एका सुरात उत्तर ओरडणार. पाढे असेच शिकले ना! मी खूश. सगळ्यांचे गुण सारखे!

एका सकाळी साहेबांचा फोन आला.

"सर, तुमच्या चौथीत पोरं किती?"

"भरपूर हायेत साहेब!"

"ॲपचं मशीन म्हणते एकच हाये! सगळ्या खात्यांवर एकच माणूस बसून राहिला म्हणते. बरोबर उत्तरं सारखी, ते समजलं. चुकाही सारख्या? सगळ्यांचं सात आठे चौपन्न? पट बोगस दाखवून राहिले काय तुमी? निघालोच मी. पोरं दिसली नाही तर शाळा बंद! नाल्यापलीकडच्या शाळेत जोडून टाकतो."

मी फोन कानाला धरूनच वर्गात डोकावलो. वर्ग रिकामा! बोंडअळीचं साल. वाचलेली बोंडं आज वेचली नाही तर उद्या अळीच्या घशात, म्हणून गाव पोराबाळांसकट कापसात. पोरं वर्ग सोडून वावरात काहून जातात, हे विचारणारं ॲप अजून कोणी काढलं नाही!

मी पळालो. चप्पल एका वावराच्या धुऱ्यावर, मी दुसऱ्याच्या.

"शकुनबाई, मायाले सोडा! साहेब येऊन राहिले!"

मायाची माय वाकल्या वाकल्याच म्हणाली, "मंग तुमीच बसा ना वर्गात. तुमाले तं पगार हाये बसाचा."

"अवो, शाळा बंद होते! नाल्यापलीकडं जावं लागन पोरीले!"

ती ताठ उभी राहिली. "पुरात एकली पोरगी मी धाडत नाई सर. शाळा गेली तं जलमभर हेच वेचन ते." आणि तिनं असा आवाज टाकला, की तीन वावरांतले बगळे उडाले. "ए पोट्टेहो! पया शाळेत!"

कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेली वरात शाळेत शिरली, आणि मागोमाग साहेबांची फटफटी. साहेबांनी डोकी मोजली, तरी समाधान नाही.

"उसनी आणली असतील. एकेक जण आत या. एकट्यानं सोडवा!"

माया खिडकीशी बसली. सवयीनं मोठ्यानं वाचलं, "सात आठे?"

खिडकीतून गर्जना झाली, "चौपन्न!"

साहेबांनी खिडकी लावली. आरजू बसली. ती नुसती पुटपुटली. दाराच्या फटीतून, गळक्या छतातून, "चौपन्न!"

"चूप! तुले एकटीनं सांगता येत नाही काय?"

आरजू रडकुंडीला आली. "साब, एकली कैसे बोलूं? गलत हुआ तो?"

माझं तोंड ओटीतल्या कापसाहून पांढरं. गेली शाळा!

"चुकलं तर चुकलं! पहा, मी दाखवतो." साहेबांनी आमच्याच टॅबवर स्वतःच्या नावानं खातं उघडलं आणि घसा खाकरला. पण शेवटी तेही जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकलेले! मोठ्यानं वाचलंच, "सात आठे..."

"चौपन्न!"

बोट आपोआप चौपन्नावर. पुढचं गणित, पुन्हा गर्जना, पुन्हा बोट. पार शेवटपर्यंत!

टॅब टुणकन वाजला. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं. 'हे खातेही त्याच व्यक्तीचे आहे. अहवाल वरिष्ठांना पाठवला आहे.'

"साहेब, तुमी बी बोगस हाये काय?" मायानं विचारलं.

साहेबांनी टॅब पालथा घालून ठेवला.

"सर," साहेब एकदम हळू आवाजात म्हणाले, "मशीनमधीच बिघाड दिसते, नाई?"

"गजब बिघाड साहेब!"

तिथंच त्यांनी वर कळवलं: प्रत्येक खातं खऱ्या, जित्याजागत्या, वेगळ्या माणसाचं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं, शाळेला धक्का लावू नये. दारात उभ्या शकुनबाईनं ऐकलं, मायाचा हात धरला. "उद्या धाडतो सर. आज अळी हाये."

शाळा वाचली! आठवड्यानं वरून निरोपही आला. 'शाळा सुरू राहील. चौथीत ढोके या नवीन विद्यार्थ्याची नोंद झाली आहे. गणितात कच्चा, दुसऱ्याचे ऐकून उत्तर देतो. शिक्षकाने वैयक्तिक लक्ष द्यावे.'

लक्ष द्यायला मी तयार आहे हो. पण त्या दिवसापासून पोट्टं सारखं गैरहजर!