दानियल मिस्त्रींची पाटी

दानियल मिस्त्रींच्या दाराबाहेर एक दगडी पाटी टांगलेली असे, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय आमच्या नारपोलीच्या चाळीत सकाळी कुणी खाली उतरत नसे. मिस्त्री पहाटे प्रार्थनेला बसत, त्या दिवसापुरता देवाचा एक हुकूम ठरवत आणि खडूने पाटीवर लिहीत. पाळून झाला की पुसत. पाळून होत नाही तोवर पुसायचा नाही, हा त्यांचाच नियम. पाटी माझ्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतली. मीच ती त्यांना दिली होती, त्यामुळे तक्रार करायची मला सोय नव्हती.

"चुकूनमाकून चांगलं कुणीबी वागतं, मास्तर," ते म्हणत. "आपण मुद्दाम वागायचं. ठरवून."

हे ठरवून वागणं चाळीला महागात पडे. 'आजाऱ्याची भेट घेणे' आलं त्या दिवशी चाळीत कुणीच आजारी नव्हतं. मला दोन शिंका आल्या. मिस्त्री दोन तास माझ्या उशाशी बसून गीतं गात होते, आणि मी उठायला लागलो की खांदे धरून परत झोपवत होते. 'खरे बोलणे' असलं की बायका त्यांच्याकडे भाजीची वाटी पाठवत नसत. 'कोणाला नाही न म्हणणे' या दिवशी मात्र रांग लागे. अशाच एका दिवशी त्यांनी दोन मिक्सर आणि एक शिलाई मशीन दुरुस्त केलं, वर एक लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवलं. कपाट माझं होतं.

मिस्त्री मूळचे नगरकडचे. इथे पॉवरलूमच्या कारखान्यात लूम दुरुस्त करायचे. भिवंडीत शुक्रवारी वीज बंद, म्हणून लूमही बंद. मिस्त्रींची सुट्टी रविवारी, चर्चची. शेठ वैतागायचे. "इतवार को तुम नहीं, जुम्मे को बिजली नहीं. मशीन कब देखेगा, दानियल?" यावर मिस्त्रींनी तोड काढली. शुक्रवारी बंद कारखान्यात एकटेच जाऊन ते एकेका लूमला हाताने फिरवून तेल घालत. जायलाच हवं असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच कारखान्यात त्यांचा मुलगा सुनील लूम चालवायचा. लूमवर शटल, म्हणजे आडव्या धाग्याचा धोटा, इकडून तिकडे धावतं. ते उडून कुणाला लागू नये म्हणून पुढे लोखंडी गार्ड असतं. तुटलेला धागा जोडताना ते आड येतं, म्हणून सुनीलने आपल्या लूमचं गार्ड काढून ठेवलं होतं. एका दुपारी शटल उडालं आणि शेजारच्या लूमवरच्या रामदुलारेचा डोळा गेला.

चौकशीला सरकारी अधिकारी येणार होता. गार्ड जागेवर होतं असंच सांगायचं, हे सगळ्या कारखान्याने ठरवलं. त्या सकाळी आमच्या दोन खोल्यांमधल्या पातळ भिंतीतून मला सुनीलचा आवाज आला. "बाबा, पाया पडतो. आजच्या दिवस गप्प राहा."

मी शाळेला निघालो तेव्हा पाटीवर 'खरे बोलणे' होतं.

मिस्त्री खरं बोलले. रामदुलारेला भरपाई मिळाली. सुनीलची नोकरी गेली, वर केस झाली. शेठनी मिस्त्रींना मात्र ठेवून घेतलं. म्हणाले, "तुम्हारे जैसा आदमी कारखाने में चाहिए. घर में नहीं."

केस मिटली तसा सुनील मालेगावला निघून गेला. पुढच्या वर्षी त्याची आई, मार्थाकाकू, गेली. मातीला सुनील आला, कबरीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला, मूठभर माती टाकली आणि बापाकडे न बघता एसटी स्टँडला गेला.

मला मिस्त्रींचा संताप आला होता. देवाचं ऐका, पण घरात माणसं आहेत की नाही? मी पाटी वाचणं सोडून दिलं. शिंक आली तर दार लावून घ्यायचो.

मग एका शुक्रवारी ते बंद कारखान्यात चक्कर येऊन पडले. अंगात ताप होता. मी रिक्षातून घरी आणलं, कपडे बदलायला दारामागच्या खुंटीवरचा सदरा काढला, तर सदऱ्याखाली दुसरी पाटी. 'सुनीलची माफी मागणे.' गिरवलेलं अक्षर मी हजारांतून ओळखतो. खडूचे थरावर थर बसले होते.

"खरं बोललात त्यात माफी कसली?" मी विचारलं.

"खरं बोललो त्याची न्हाई, मास्तर." त्यांनी डोळे मिटले. "बोलताना पोराकडं एकदाबी बघितलं न्हाई. मी किती खरा, ह्याच्यातच होतो. खरं मुद्दाम बोललो. तसाच मुद्दाम त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, तो ठेवला न्हाई."

"मग मोबाइल आहे ना तुमच्याकडे? करा फोन."

"फोनवर हुकूम पाळत न्हाईत."

ताप उतरल्यावर मी त्यांना मालेगावला घेऊन गेलो. एकटे ते गेले नसते. सगळ्या कारखान्याला न घाबरलेला हा माणूस पोराला घाबरत होता. सुनील लूमवर होता. शेडमध्ये इतका खडखडाट की स्वतःचा आवाज ऐकू येईना. मिस्त्री म्हणाले, "सुनील, माफ कर." त्याने वर पाहिलं नाही. मिस्त्री ओरडले, "सुनील, माझं चुकलं!" तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा आजूबाजूची माणसं बघायला लागली. सुनीलने एकदा बापाकडे पाहिलं, तुटलेला धागा जोडला आणि लूम परत चालू केला.

त्या रांगेत गार्ड फक्त त्याच्या लूमला होतं. मिस्त्रींनी जाता जाता त्या गार्डवरून हात फिरवला.

परतीच्या एसटीत ते रडले, आणि मीही रडलो. घरी येऊन त्यांनी ओल्या फडक्याने दारामागची पाटी पुसली. "मागितली. हुकूम झाला," म्हणाले. मग पाटी वाळेपर्यंत थांबले आणि नवा हुकूम लिहिला. 'वाट पाहणे.'

तो अजून पुसलेला नाही. रोज गिरवतात. खडू मी शाळेतून आणून देतो.