लाल घरावर पिवळे घर

श्री सागरेश्वर समर्थ. ऐकणारांस आरोग्य, लिहिणारास बळ, आणि दर्यावर गेलेल्यांस आपले घर दिसो. शके अठराशे दहा, सर्वधारी नाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी वेल्स मुलखी पश्चिम दर्याचे कडेस एक लहानसे नगर नांदत होते. नाव लिहावयाची आज्ञा नाही, म्हणोन लिहिले नाही. त्या नगराची शोभा काय वर्णावी! टेकडीवर जुना किल्ला, अर्धा तट ढासळलेला, उरल्या अर्ध्यावर समुद्रपक्ष्यांनी ठाणे दिलेले. आणि ओहोटी लागली म्हणजे कोसभर वाळू उघडी पडे आणि तीतून बुडालेल्या अरण्याचे काळे बुंधे मुळांसकट वर येत. हजारो वर्षांमागील झाडे ती! सेवकाने स्वतः हात लावून पाहिले, अंगावर काटा उभा राहिला. आणि माणसे ऐशी, की चौघे जाळे विणावयास बसले तरी चार सुरांत गाऊ लागत.

परंतु बंदराचे मुखाशी वाळूचा मोठा बांध पाण्याखाली दडलेला, आणि त्यातून आत येणारी वाट एकच, तीही चिंचोळी आणि भरतीपुरती. म्हणोन वाडवडिलांनी युक्ती केली ती ऐशी: धक्क्यालगतचे एक घर लाल रंगविले आणि टेकडीवरचे एक पिवळे. मचव्यावरून पाहता लाल घराचे नेमके माथ्यावर पिवळे घर आले, की वाट सरळ; आणि एक जरी बाजूस सरकले, की मचवा वाळूवर बसून फुटलाच. शंभर वर्षे याच दोन रंगांनी माणसे घरी आणिली. लाल घर नगराध्यक्ष इदवालसाहेबांचे, आणि पिवळे नेस्टाबाईंचे, ज्यांचे यजमान तांडेल ग्रुफिद सात मचव्यांचे म्होरके होते.

त्या वर्षी युवराजांची स्वारी नगरास येणार ऐसे पत्र आले, आणि इदवालसाहेबांचे पाय जमिनीस लागेनात. साहेबांनी हुकूम फर्माविला, की कुल नगर चुन्याने पांढरेशुभ्र करावे, आणि धक्क्यावर लाल गालिचा घालावा, आणि डॅफोडिल नामक पिवळ्या फुलांची थोर कमान उभारावी. मचवे तर चार दिवसांपूर्वीच दूर मासळीस गेलेले. रंगाचे मोल जाणणारे तांडेल सारे दर्यावर, आणि गावात उरले ते कौतुकाचे भुकेले. मग नेस्टाबाईंचे घरी युवराजांचा फराळ ठरला, आणि बाई हरखून गेल्या, आणि आपले पिवळे घर त्यांनी आपल्याच हाताने पांढरे केले. शंका आली नाही ऐसे नव्हे. पण मानाचे नादात दाबून टाकिली.

चैत्र शुद्ध पंचमीस तिसरे प्रहरी मचवे दिसू लागले, आणि बाई धक्क्याचे टोकास धावत गेल्या. पाहतात तो पहिला मचवा मुखाशी आला आणि परत फिरला, मग दुसराही फिरला, मग साती मचवे बांधाबाहेर घिरट्या घालू लागले. आणि पश्चिमेस वादळ चढत होते, आणि भरती दोन घटकांची उरली होती. मग बाईंनी मागे वळून नगर पाहिले. सारी टेकडी पांढरी. त्यांना आपले घर सापडेना. तैशाच धावत त्या इदवालसाहेबांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, माझे घर मलाच ओळखू येत नाही हो! कोसावरून त्यांना काय दिसणार? वाट पुसली आपण, तुम्ही आणि मी!"

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "आता रंग कोठून आणू? ओल्या चुन्यावर धरणार तरी आहे का?"

"तो गालिचा उचला, तुमच्या भिंतीवर टांगा. कमान मी नेते."

"अहो, युवराज वेशीपाशी आले!"

"येऊ देत. चिखल लागला तर पाय धुता येतील."

मग काय सांगावे! बायका कमानीवर तुटून पडल्या, आणि फुलांचे भारे कवेत घेऊन टेकडी चढल्या, आणि कोळ्यांच्या जाळ्यात ती फुले खोवून जाळे छपरापासून उंबऱ्यापर्यंत सोडिले. आणि खाली साहेब स्वतः शिडीवर चढून गालिच्यास खिळे ठोकू लागले. इतक्यात युवराज चिखलातून चालत आले आणि पुसते झाले, "आमचा गालिचा कोठे?" साहेब शिडीवरूनच बोलले, "सरकार, भिंतीवर आहे. माणसे अजून पाण्यात आहेत." युवराजांनी दर्याकडे पाहिले, टोपी काढिली आणि शिडी धरली.

आणि लाल घरावर पिवळे घर चढले, आणि एकामागून एक साती मचवे आत आले, शेवटी ग्रुफिद तांडेलांचा. तो धक्क्यास लागला न लागला तोच पाणी उतरू लागले. बाई रडत म्हणाल्या, "मीच पुसले हो घर, माझ्या या हातांनी." तांडेल टेकडीकडे पाहून बोलले, "रंग कधी हलत नाही. आज पिवळा वाऱ्यावर हलत होता. मला वाटले, तू हात करते आहेस."

इत्यर्थ: नगर पाहावयास आता दूरदूरचे लोक येतात, किल्ला पाहतात, बुडाले अरण्य पाहतात, आणि दोन घरांचे रंग दर वर्षी ताजे का करितात ऐसे पुसतात. रंगाचा पहिला हात घरधनी देत नाही, दर्यावरून आलेला माणूस देतो. सेवकाने हे पाहिले आणि लिहिले.